हजार मीटरवरचं लक्ष्य आणि खोक्यावरचा आकडा

पावसाची सर ओसरली आणि हवा धुऊन निघाली की दरीपलीकडचा डोंगर एकदम जवळ आल्यासारखा वाटतो. त्याच डोंगरमाथ्यावरचं देऊळ मे महिन्यातल्या धुरकट दुपारी दूर आणि पुसट दिसतं. अंतर तसूभरही बदललेलं नसतं. बदलतो तो डोळ्यांचा अंदाज. वाटेतली झाडं, बांध, घरं यांच्या आधाराने डोळे अंतर जोखतात आणि मध्ये मोकळी दरी आली की तो आधारच सुटतो. म्हणूनच घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या चार जणांना ‘ते देऊळ किती लांब असेल?’ असं विचारलं, तर चार वेगळी उत्तरं मिळतात.

भटकंती करणाऱ्याचा अंदाज चुकला तर पायपीट थोडी वाढते. लांब पल्ल्याच्या नेमबाजाचा चुकला, तर त्याचं सगळं कसब वाया जातं.

नेमबाजी म्हटलं की मराठी वाचकांना तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ही कोल्हापूरची नावं आठवतात. कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यात लक्ष्य बरोबर ५० मीटरवर असतं आणि त्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो अवघा १०.४ मिलिमीटर. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या मैदानावर १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, नेम धरतात; पण तिथेही अंतर आधीपासून ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या ‘एनआरएल हंटर’ या स्पर्धामालिकेचं स्वरूप अगदी वेगळं आहे. स्पर्धक जागेवर पोचतो तेव्हा पोलादी पाट्या रानात नेमक्या कुठे टांगल्या आहेत हेही त्याला ठाऊक नसतं. चार मिनिटांत त्या शोधायच्या, प्रत्येकीचं अंतर मोजायचं, रायफलीला टेकू मिळेल अशी जागा साधायची आणि गोळ्या झाडायच्या. अशा स्पर्धकाला रायफलीइतकंच महत्त्वाचं असतं ते खिशात मावणारं एक यंत्र: लेझर रेंजफाइंडर, म्हणजेच लेझरच्या साहाय्याने अंतर मोजणारी छोटी दुर्बीण.

बाजारात हे यंत्र शंभर डॉलरलाही मिळतं आणि दोन-तीन हजार डॉलरलाही. दोन्हींच्या खोक्यांवर भलेमोठे आकडे छापलेले असतात. बेताच्या पैशांत योग्य यंत्र निवडायचं असेल, तर ते आकडे कुठून येतात हे आधी समजून घ्यायला हवं.

वीस मीटरच्या चुकीची किंमत

गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत लोकप्रिय असलेलं ६.५ क्रीडमूर हे काडतूस घेऊ. त्याची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. १०० यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीतून ती १००० यार्डांवर पोचते तेव्हा नजरेच्या रेषेच्या आठ-नऊ मीटर खाली आलेली असते. नेमबाज रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती तेवढी फिरवून ही घसरण भरून काढतो. मात्र किती फिरवायची, हे अंतरावर ठरतं.

३०० मीटरवरच्या लक्ष्याचं अंतर कुणी २० मीटरने चुकवलं, तर गोळी सहा-सात सेंटिमीटर वर किंवा खाली लागेल. पाटी तळहाताहून मोठी असली तर ती चूक पचून जाते. हजार यार्डांवर मात्र गोळीचा वेग जवळपास निम्म्यावर आलेला असतो आणि ती बरीच तिरपी उतरत असते. तिथे तीच २० मीटरची चूक गोळीला ३० ते ४० सेंटिमीटर वर-खाली नेते. ३० सेंटिमीटरची पाटी सहज हुकते.

याच हिशेबाने अंतर एक मीटरने चुकलं, तर हजार यार्डांवर फरक पडतो फक्त दीड-दोन सेंटिमीटरचा. स्वस्त यंत्रंही साधारण एका मीटरच्या आत अचूक असतात. त्यामुळे दशांश चिन्हापुढचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रासाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज नाही. स्वस्त आणि महाग यंत्रांतला खरा फरक दुसरीकडेच आहे.

लेझर येण्याआधी

१८८८ मध्ये ब्रिटनमध्ये आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड यांनी अंतरमापक यंत्रं बनवायला सुरुवात केली. एका लांब नळीच्या दोन टोकांना दोन भिंगं असत. दोन्हींतून दिसणारी प्रतिमा किंचित वेगळी असे. त्या एकमेकींवर जुळवायच्या आणि किती जुळवाव्या लागल्या यावरून अंतर काढायचं. नळी जितकी लांब तितकं माप बिनचूक, म्हणून युद्धनौकांवर काही मीटर लांबीच्या नळ्या बसवाव्या लागत.

नेमबाज दुसरी युक्ती वापरत आणि आजही ती शिकवली जाते. रायफलीवरच्या दुर्बिणीतल्या खुणांनी लक्ष्य किती मिलिरेडियन व्यापतं ते पाहायचं. मिलिरेडियन हे कोनाचं लहान माप आहे: हजार मीटरवर एक मीटर जेवढा कोन व्यापतो, तेवढा. अर्ध्या मीटरची पाटी ०.६ मिलिरेडियन व्यापत असेल तर ती ८३३ मीटरवर आहे. तीच कुणी ०.५५ अशी वाचली तर उत्तर ९०९ मीटर येतं. डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या फरकाने ७६ मीटरची चूक होते. शिवाय पाटीचा खरा आकार माहीत नसेल तर हा हिशेब मांडताच येत नाही.

१९६० च्या मे महिन्यात थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाचा स्फटिक वापरून पहिला लेझर चालवून दाखवला आणि वर्षभरातच त्याने अंतर मोजण्याचे प्रयोग सुरू झाले. सुरुवातीची यंत्रं अवजड आणि लष्करी होती. सामान्य माणसाला परवडणारी हातात धरायची लेझर दुर्बीण बुशनेल कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यात आणली.

प्रकाशाचा प्रतिध्वनी

माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारली की समोरच्या कड्यावर आपटून ती परत येते. हाक परत यायला दोन सेकंद लागले, तर आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो या हिशेबाने जाण्या-येण्याचा रस्ता ६८० मीटरचा झाला. म्हणजे कडा ३४० मीटरवर. लेझर रेंजफाइंडर नेमकं हेच करतो, फक्त आवाजाऐवजी प्रकाश वापरतो. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा अतिशय छोटा ठोका, म्हणजे स्पंद, बाहेर पडतो. लक्ष्यावर आपटून त्याचा थोडा अंश परत येतो आणि मधला वेळ मोजला जातो.

अडचण आहे ती वेगाची. प्रकाश आवाजाच्या जवळपास नऊ लाख पट वेगाने जातो. हजार मीटरवर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा फक्त दीडलाखावा भाग लागतो. अंतर मीटरभर अचूक हवं असेल तर यंत्रातलं घड्याळ सुमारे ६.७ नॅनोसेकंदांचा फरक ओळखणारं हवं. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेगाची घड्याळं आता छोट्या, स्वस्त चिपवर मावतात.

हवेमुळे प्रकाश किंचित मंदावतो, पण त्याने किलोमीटरमागे पडणारा फरक जेमतेम ३० सेंटिमीटरचा. नेमबाजाने त्याची चिंता करू नये.

परत येतो तो कणभर प्रकाश

वेळ मोजणं जमलं. अवघड काम आहे परतलेला प्रकाश ओळखण्याचं.

साध्या, खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. हजार मीटरवरच्या खडकावर संपूर्ण झोत पडला आणि खडकाने त्यातला निम्मा परत फेकला असं धरलं, तरी यंत्राच्या २५ मिलिमीटर व्यासाच्या भिंगात पाठवलेल्या प्रकाशाच्या दहा अब्जाव्या भागाहूनही कमी प्रकाश शिरतो. अंतर दुप्पट झालं की हा भाग चौथाईवर येतो. लक्ष्य झोतापेक्षा लहान असेल तर झोताचा बराचसा भाग आजूबाजूने निघून जातो; मग अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा प्रकाश सोळावा हिस्साच उरतो. ५०० मीटरवर सहज आकडा दाखवणारं यंत्र १००० मीटरवरच्या त्याच छोट्या पाटीपुढे गप्प बसतं, ते यामुळे.

त्यात सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. भर उन्हात लखलखणाऱ्या टेकडीवरून यंत्रात इतका फालतू उजेड शिरतो की आपला स्पंद त्यात हरवतो. ढगाळ सकाळी किंवा संध्याकाळी तेच यंत्र कितीतरी पुढचं मोजतं. दुकानात सायंकाळी मिळालेला आकडा उन्हातल्या स्पर्धेत मिळेलच, असं धरून चालू नये.

यावर चांगल्या यंत्रांतला उपाय म्हणजे एकाऐवजी शेकडो स्पंद पाठवून त्यांच्या उत्तरांची बेरीज करणं. खरा प्रतिध्वनी दर वेळी त्याच ठिकाणी पडतो, म्हणून त्याची भर पडत जाते; भरकटलेला उजेड मात्र कधी इथे, कधी तिथे पडतो. शंभर स्पंद मिळवले की खरी खूण या गोंगाटाच्या तुलनेत पूर्वीच्या दहापट ठळक होते. गेल्या काही वर्षांत स्वस्त यंत्रांचा पल्ला वाढला, त्यात वेगवान चिप आणि या बेरजेचा मोठा वाटा आहे.

खोक्यावरचा आकडा कुणाचा?

सिग सॉअर कंपनीने २०१५ मध्ये ‘किलो २०००’ ही दुर्बीण आणली. सुमारे ५०० डॉलरच्या या यंत्राने लांब पल्ल्याचं मोजमाप सामान्य हौशी नेमबाजांच्या आवाक्यात आणलं. कंपनीने तिचा पल्ला तीन प्रकारे सांगितला होता: चकाकत्या लक्ष्यासाठी ३४०० यार्ड, झाडासाठी १५००, हरणासाठी १२००. यंत्र एकच, पण पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत जवळपास तिप्पट फरक.

इथे ‘चकाकतं’ लक्ष्य म्हणजे बहुधा रस्त्यावरच्या दिशादर्शक फलकासारखा पृष्ठभाग. त्या फलकांत बारीक काचमणी किंवा लोलक असतात. प्रकाश जिथून आला तिथेच ते परत पाठवतात, विखुरत नाहीत. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेला परावर्तक याच तत्त्वावर चालतो, म्हणून पृथ्वीवरून सोडलेला लेझर तिथून आजही परत येतो. रानातल्या लक्ष्यात असे लोलक नसतात. गडद रंग, ओली माती, काळा रंग दिलेलं पोलाद, गवत हे सगळं प्रकाश गिळतं किंवा विखुरतं.

खरेदी करताना म्हणूनच खोक्याच्या दर्शनी बाजूचा आकडा सोडून द्यावा आणि माहितीपत्रकात झाड किंवा हरणासमोर लिहिलेला आकडा पाहावा. तोही अनुकूल उजेडातला असतो. ८०० मीटरवरच्या पाट्या भर उन्हात मोजायच्या असतील, तर हरणासाठी १००० मीटरच्या पुढे सांगणारं यंत्र घेतलेलं बरं.

झोत किती पसरतो

माहितीपत्रकातला सर्वांत महत्त्वाचा आकडा बहुधा सर्वांत शेवटी छापलेला असतो आणि काही कंपन्या तो छापतही नाहीत. तो म्हणजे झोताचा पसारा. लेझरचा झोत अगदी सरळ जात नाही. तो मिलिरेडियनच्या हिशेबाने पसरत जातो. १.५ मिलिरेडियन पसरणारा झोत ८०० मीटरवर १.२ मीटर रुंद होतो. समोरची पाटी ४५ सेंटिमीटरची असेल, तर झोताचा बहुतेक भाग तिच्या मागच्या-पुढच्या गोष्टींवर पडतो.

इथेच खरी फसगत होते. यंत्र आकडा चुकीचा मोजत नाही, पण तो कशाचा आहे हे सांगत नाही. पुढच्या झुडपाचा, पाटीचा की मागच्या उताराचा? सपाट माळावर झोताचा खालचा भाग लक्ष्याच्या बराच आधी जमिनीला टेकतो आणि वरचा भाग बराच पुढे जातो. अशा जागी पन्नास-शंभर मीटरचा घोळ सहज होतो.

स्वस्त यंत्रांतला लेझर ज्या अर्धवाहक पट्टीतून निघतो ती अरुंद आणि लांबट असते, त्यामुळे झोतही गोल नसून आयताकृती असतो. तो आडवा पसरतो की उभा, हे माहीत असलं तर उपयोग होतो. उभा झोत उंच, अरुंद लक्ष्यावर चांगला बसतो. माळावर आडवा झोत कमी फसवतो.

बऱ्याच यंत्रांत ‘पहिलं’ आणि ‘शेवटचं’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यात सर्वांत जवळून आलेला प्रतिध्वनी दाखवला जातो, दुसऱ्यात सर्वांत लांबून आलेला. गोल्फसाठी बनवलेली यंत्रं जवळच्या गोष्टीला प्राधान्य देतात, कारण मैदानावर झेंड्याच्या मागे झाडं असतात आणि खेळाडूला झेंड्याचं अंतर हवं असतं. नेमबाजाच्या वाटेत बहुधा गवत, फांद्या, पावसाचे थेंब येतात, तेव्हा त्याला ‘शेवटचं’ लागतं. हा पर्याय नसलेलं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी रानातल्या नेमबाजीसाठी घेऊ नये.

अनुभवी स्पर्धक छोट्या पाटीशी झटापट करत बसत नाहीत. तिच्या शेजारचा, तेवढ्याच अंतरावरचा मोठा खडक किंवा मातीचा बांध मोजतात. मग तिच्या जरा पुढची आणि जरा मागची वस्तू मोजून उत्तर त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसतं का, ते पडताळतात.

जास्तीचे पैसे कशासाठी

परवडणारी जवळपास सगळी यंत्रं ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. तो ओळखायला सिलिकॉनचा शोधक पुरतो आणि सिलिकॉन स्वस्त आहे. महागड्या, मुख्यतः लष्करी यंत्रांत १५५० नॅनोमीटरचा प्रकाश असतो. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सुरक्षिततेच्या मर्यादेत राहूनही तो अधिक ताकदीने सोडता येतो. सिलिकॉनला मात्र तो दिसत नाही. त्यासाठी इंडियम, गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा महाग शोधक लागतो. हजार मीटरपर्यंतच्या हौशी नेमबाजाला त्याची गरज नाही.

जास्तीच्या पैशांत मिळणाऱ्या इतर गोष्टींपैकी काही खरोखर कामाच्या आहेत. भिंग मोठं असलं की परतलेला प्रकाश जास्त मिळतो. लाल किंवा उजळ अक्षरांचा पडदा संधिप्रकाशातही वाचता येतो. स्वस्त यंत्रांतले काळे आकडे गडद झाडीवर दिसतच नाहीत. गोळीची घसरण स्वतः काढून देणारा गणक मात्र यंत्रात नसला तरी चालतो, कारण ते काम मोबाइलवरचं ॲप करतं.

कोनमापक असेल तर तो समजून वापरावा. उतारावरून २५ अंशांनी खाली नेम धरला आणि यंत्राने थेट अंतर ७०० मीटर दाखवलं, तर गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचं असलेलं आडवं अंतर सुमारे ६३४ मीटर असतं. काही यंत्रं हे कमी केलेलं अंतरच दाखवतात. तो आकडा आणि शिवाय कोनही ॲपमध्ये भरला, तर दुरुस्ती दोनदा होते आणि गोळी खाली जाते. ॲप वापरणाऱ्याने यंत्र थेट अंतरावर ठेवून कोन वेगळा भरावा.

पैसे देण्याआधीची परीक्षा

यंत्राच्या खिडकीत दिसणारी खूण आणि अदृश्य झोत एकाच जागी पडतात, असं गृहीत धरू नये. आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकटा उभा असलेला खांब किंवा मोबाइलचा मनोरा निवडावा. मोजणी सतत चालू ठेवून खूण डावीकडून सावकाश खांबाकडे आणावी आणि आकडा कुठे उमटतो ते पाहावं. मग उजवीकडून तसंच करावं. दोन्हीकडे खूण खांबापासून सारख्याच अंतरावर असताना आकडा उमटला, तर झोत खुणेच्या मध्यावर आहे. घराच्या छपराची कड वापरून उभ्या दिशेनेही हीच परीक्षा घ्यावी. झोत थोडा बाजूला असला तरी यंत्र निकामी नसतं. तो कोणत्या बाजूला आहे हे लक्षात ठेवलं की झालं.

दुसरी परीक्षा स्थैर्याची. हातात धरलेली दुर्बीण मिलिरेडियनभर सहज हलते आणि हजार मीटरवर तेवढ्याने झोत मीटरभर सरकतो. ट्रायपॉडवर बसवता येईल असं यंत्र घ्यावं. तीनशे डॉलरचं यंत्र आणि साधा ट्रायपॉड ही जोडी हातात थरथरणाऱ्या हजार डॉलरच्या यंत्रापेक्षा लांबच्या पाट्यांवर अधिक भरवशाची ठरते.

आपल्याकडे हेच यंत्र

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि खेळातली नेमबाजी मुख्यतः ठरलेल्या अंतरांवर होते. तरीही हे यंत्र महाराष्ट्राच्या जंगलांत नेहमी दिसतं, ते वेगळ्या कामासाठी. व्याघ्रगणनेच्या निमित्ताने मेळघाट, ताडोबासारख्या प्रकल्पांत वनरक्षक ठरलेल्या सरळ रेषेवरून चालतात आणि दिसलेल्या चितळ, सांबर, गव्यांची नोंद करतात. प्रत्येक कळपाचं अंतर रेंजफाइंडरने आणि दिशा होकायंत्राने मोजली जाते. त्यांवरून वाघाच्या भक्ष्याची घनता काढतात. अंतरं फारशी मोठी नसतात, पण बांबूच्या बेटाआडून चितळ मोजताना पुढच्या पानांचा आकडा येण्याचा धोका तिथेही असतो. चितळाचं अंग दिसेल अशी फट शोधणं आणि दोन-तीनदा मोजून सारखा आकडा आला तरच तो वहीत लिहिणं, हे दोन्हीकडे सारखंच.

थोडक्यात: घेताना काय पाहावं

- पल्ला: ‘चकाकत्या’ लक्ष्याचा नव्हे, झाड किंवा हरणासाठी दिलेला आकडा, गरजेपेक्षा किमान पाव हिस्सा जास्त.
- झोताचा पसारा: दीड मिलिरेडियन किंवा कमी असेल तर उत्तम; आडवा की उभा, तेही विचारावं.
- पर्याय: ‘पहिलं’, ‘शेवटचं’ आणि सतत मोजणी, तिन्ही हवेत.
- पडदा: उजळ आकड्यांचा, उजेड कमी-जास्त करता येणारा.
- अंतर: थेट आणि आडवं, दोन्ही दाखवता यावीत, मीटर आणि यार्ड बदलता यावेत.
- आधार: ट्रायपॉडवर बसवायची सोय.
- बॅटरी: सहज मिळणारी, थंडीत ती लवकर उतरते, म्हणून एक जादा जवळ ठेवावी.
- सुरक्षितता: ‘क्लास १’ असा उल्लेख हवा, तरीही झोत कुणाच्या डोळ्यांवर रोखू नये.
- परीक्षा: भर दुपारी, गडद आणि खडबडीत लक्ष्यावर घ्यावी.